काम बाहेर दिल्यावर सप्लाय चेन मॅनेजरने नेमकं काय सांभाळायचं?

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट घ्या. पोलादाचा बार मिलमधून निघतो. फोर्जिंगवाल्याकडे तो तापवून डायमध्ये ठोकला जातो. मग भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) टर्निंग, म्हणजे फिरवून तासणं, दुसरीकडे दात पाडणं, तिसरीकडे हीट ट्रीटमेंट, चौथीकडे ग्राइंडिंग आणि शेवटी चाकणची असेंब्ली लाइन. गाडीवर नाव एका कंपनीचं असतं, पण शाफ्टला हात लागलेले असतात पाच-सहा कारखान्यांचे.

यातली बरीच कामं पूर्वी एकाच छपराखाली व्हायची. तेव्हा परचेस मॅनेजर किंवा मटेरियल्स मॅनेजर म्हणवणाऱ्या माणसाचं काम ठरलेलं होतं: कच्चा माल रास्त भावात आणायचा, स्टोअरमध्ये साठा ठेवायचा, तयार माल वेळेवर रवाना करायचा. मधलं सगळं प्रॉडक्शनवाल्यांचं. काम बाहेर गेलं की हे ‘मधलं सगळं’ सप्लाय चेन मॅनेजरच्या अंगावर येतं. मशीन त्याचं नसतं, ऑपरेटर त्याचा नसतो, तिथल्या सुपरवायझरला तो थेट हुकूम देऊ शकत नाही. तरीही लाइन थांबली की पहिला फोन त्यालाच येतो. वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक, आयएटीएफ १६९४९, याबाबत अगदी स्पष्ट आहे: प्रक्रिया बाहेर दिली तरी तिची जबाबदारी देणाऱ्याकडेच राहते.

त्यामुळे भाव पाडून घेणं आणि ट्रकचा पाठपुरावा करणं हा आता या कामाचा लहानसा भाग उरला आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात काय चाललंय हे त्याच्याइतकंच आपल्याला कळलं पाहिजे, हा मोठा भाग. ते कसं करायचं, हे याच शाफ्टच्या टर्निंगचं उदाहरण धरून पाहू. समजा महिन्याला १०,००० नग लागतात, म्हणजे २५ दिवसांच्या हिशोबाने रोज ४००. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही भागाला लागू पडते.

भावातला फरक म्हणजे बचत नव्हे

आपल्याकडे टर्निंगचा खर्च नगामागे ५२ रुपये येतो: मजुरी २०, टूलिंग-वीज-कूलंट १२ आणि ओव्हरहेड (भाडं, पगार असा सामाईक खर्च) २०. बाहेरचा जॉबवर्कर, म्हणजे आपलाच माल घेऊन मजुरीवर काम करून देणारा, ३८ रुपयांत करून देतो म्हणतो. नगामागे १४ रुपये, महिन्याला १ लाख ४० हजार. प्रस्ताव मंजूर व्हायला एवढं पुरतं, आणि बहुतेक ठिकाणी तो इथेच मंजूर होतो.

आता राहिलेलं जोडू. जाण्या-येण्याची गाडी आणि बिन (मालाचे खोके), अडीच रुपये. माल परत आल्यावरची इनवर्ड तपासणी, दीड रुपया. वाटेत आणि गोदामात दहा दिवसांचा जादा साठा राहतो. १२० रुपयांच्या नगावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ४० पैसे. शंभरात एक नग बाद झाला तर आपणच दिलेलं ९० रुपयांचं फोर्जिंग वाया जातं, म्हणजे नगामागे ९० पैसे. व्हेंडरकडे लक्ष ठेवणारा एक इंजिनिअर असे सहा भाग पाहतो. कंपनीला त्याचा खर्च महिना ६० हजार, या शाफ्टच्या वाट्याला नगामागे १ रुपया. नवी फिक्स्चर (मशीनवर नग धरून ठेवणारी साधनं) आणि गेज (मापं तपासायची साधनं) ३ लाख ६० हजारांची, ३ लाख नगांवर वाटली की १ रुपया २० पैसे. एकूण साडेसात रुपये. म्हणजे ३८ चे साडेपंचेचाळीस झाले आणि बचत १४ वरून साडेसहावर आली.

खरी मेख पुढे आहे. ओव्हरहेडचे ते २० रुपये काम बाहेर गेल्यावर सगळे थांबत नाहीत. शेडचं भाडं, मेंटेनन्सची माणसं, क्वालिटी लॅब, व्यवस्थापकांचे पगार, जुन्या मशीनवरचा घसारा चालूच राहतो. समजा २० पैकी १२ रुपये तसेच राहिले. मग काम बाहेर देऊन वाचणारा खर्च ५२ नसून ४० आहे, आणि त्या जागी आपण साडेपंचेचाळीस देतोय. नगामागे साडेपाच रुपये, महिन्याला ५५ हजारांचा तोटा. वर ते १२ रुपये घरात उरलेल्या बाकीच्या भागांवर वाटले जातात, त्यांचा खर्च कागदावर वाढतो आणि ‘हेही बाहेर स्वस्त पडेल’ असा पुढचा प्रस्ताव तयार होतो. रिकाम्या झालेल्या जागेत आणि मशीनवर दुसरं जास्त मोलाचं काम आणायचं नक्की असेल तर गणित पूर्ण बदलतं. म्हणून मॅनेजरने विचारायचा पहिला प्रश्न हा: मोकळी झालेली क्षमता कशाला वापरणार, आणि कधीपासून?

बोइंगचे अभियंता एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी २००१ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत परिषदेत हाच धोका मांडला होता: काम बाहेर गेलं की नफाही त्याच्यामागून जातो आणि ओव्हरहेड मागे राहतं. त्यानंतर तीन वर्षांनी बोइंगने ७८७ विमान हाती घेतलं आणि त्यातल्या मोठ्या भागांचं नुसतं उत्पादनच नव्हे, तपशीलवार डिझाइनसुद्धा जपान, इटली आणि अमेरिकेतल्या भागीदारांना दिलं. पंख मित्सुबिशीकडे, फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) तुकडे कावासाकी, अलेनिया, व्हॉट अशा कंपन्यांकडे. भागीदारांनी आपापल्या पुरवठादारांना सांभाळावं आणि बोइंगने फक्त जोडणी करावी, अशी कल्पना होती. ८ जुलै २००७ ला विमान समारंभात बाहेर आलं तेव्हा त्यात तात्पुरते फास्टनर (भाग जोडणारे बोल्ट-रिव्हेट) बसवलेले होते, कारण खरे फास्टनर पुरेसे मिळतच नव्हते. भागीदारांकडून अर्धवट राहिलेले तुकडे जोडणीच्या कारखान्यात येऊन पडत होते. पहिलं उड्डाण १५ डिसेंबर २००९ ला झालं. ऑल निप्पॉन एअरवेजला पहिलं विमान मे २००८ मध्ये द्यायचं होतं, ते मिळालं सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात, २००९ मध्ये, बोइंगला व्हॉटचा साउथ कॅरोलायनातला कारखाना विकत घ्यावा लागला.

भागीदार नवखे नव्हते, विमानाचे भाग त्यांनी आधीही बनवले होते. कमी होती ती त्यांच्या खालच्या थरातलं चित्र बोइंगला दिसण्याची. फास्टनरसारखी स्वस्त वस्तू सगळ्यांनाच लागणार होती, आणि एकूण किती लागणार, कोण बनवणार, त्याच्याकडे तेवढी क्षमता आहे का, याचा हिशोब मध्यभागी बसून कुणीतरी धरायला हवा होता. आजच्या सप्लाय चेन मॅनेजरचं काम नेमकं हेच आहे.

पहिला नग येण्याआधी

व्हेंडर निवडताना भावाच्या कागदाइतकाच क्षमतेचा कागद मागा. सीएनसीचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ९० सेकंद, दोन शिफ्टमध्ये मिळून मशीन चालण्याचे १५ तास, म्हणजे कागदावर ६०० नग. सेटिंग, टूल बदलणं, बिघाड, चहा-जेवण धरून ७५ टक्केच प्रत्यक्षात मिळतात असं समजा: ४५० नग. आपल्याला हवेत ४००, म्हणजे बरोबर बसतंय. पण त्या मशीनचा ४० टक्के वेळ व्हेंडरने दुसऱ्या ग्राहकाला आधीच दिलेला असेल, तर आपल्या वाट्याला २७० येतात. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ‘तुमची क्षमता किती’ असं न विचारता ‘या मशीनवर आणखी कुणाचे कुठले भाग चालतात, त्यांचं शेड्यूल किती’ असं विचारा आणि मशीनजवळच्या प्रॉडक्शन रजिस्टरवरून मागच्या तीन महिन्यांचे आकडे पडताळा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्याच ग्राहकांची मागणी एकदम वाढते, त्या आठवड्यांचे आकडे वेगळे पाहा.

मग नमुने मंजूर करण्याची प्रक्रिया. वाहन उद्योगात तिला सगळे पीपॅप (प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस) म्हणतात. ती टूलरूममध्ये जपून बनवलेल्या पाच चांगल्या नगांवर उरकली तर तिचा काही उपयोग नाही. खरं मशीन, खरा ऑपरेटर, खरा वेग, आणि ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर सलग किमान ३०० नग, ही मूळ अट आहे. त्या नगांतून महत्त्वाच्या मापांचा सीपीके काढायचा, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादेच्या आत किती सुरक्षितपणे बसतात हे सांगणारा आकडा. सुरुवातीच्या अभ्यासात तो १.६७ च्या वर असेल तर ठीक, १.३३ च्या खाली असेल तर प्रक्रिया सुधारल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या दिवशी मॅनेजरने स्वतः मशीनजवळ उभं राहावं. नग किती निघाले एवढंच बघू नये. दर तासाला किती निघाले आणि मधे मशीन का थांबलं, हे लिहून घ्यावं. वर्षभराच्या शेड्यूलचं खरं उत्तर त्या कागदावर मिळतं.

टूल, डाय, फिक्स्चर, गेज आपण पैसे देऊन बनवली असतील तर प्रत्येकावर आपल्या मालमत्तेचा क्रमांक कोरलेला हवा, फोटोसह यादी हवी आणि करारात ‘मागितल्यावर इतक्या दिवसांत परत’ असं कलम हवं. ड्रॉइंगची चालू आवृत्ती कुठली, हेही त्याच यादीत. जुनी आवृत्ती व्हेंडरच्या भिंतीवर लटकत राहिल्यामुळे आख्खी लॉट चुकीच्या मापाची येणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ती टाळायला जुनी प्रत हातात परत घेऊन मगच नवी देणं एवढं पुरतं.

तपासून न कळणारे दोष

बाहेरून आलेल्या मालाची तपासणी करून गुणवत्ता सांभाळता येते, हा समज टर्निंगसारख्या कामात थोडाफार चालतो. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, वेल्डिंग अशा प्रक्रियांत तो धोक्याचा आहे. कारण तिथला दोष वरून दिसत नाही.

१२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप जास्त ताकदीचे, बोल्ट घ्या. त्यांच्यावर इलेक्ट्रोप्लेटिंगने झिंक चढवताना ॲसिडच्या टाकीत आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, साधारणपणे चार तासांच्या आत, बोल्ट भट्टीत घालून १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास बेक करावे लागतात. रात्रपाळीत भट्टी भरलेली असेल तर बोल्ट तसेच पडून राहतात, सकाळी बेक होतात किंवा होतच नाहीत. दिसायला ते अगदी चांगल्या बोल्टसारखेच. माप बरोबर, कोटिंगची जाडी बरोबर, हार्डनेस बरोबर. घट्ट आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं तुटून पडतं. इनवर्ड तपासणीतल्या व्हर्निअरला, गेजला हे कधीच सापडणार नाही.

इथे मॅनेजरला भट्टीचा चार्ट मागावा लागतो: लॉट प्लेटिंगमधून किती वाजता बाहेर आली, भट्टीत किती वाजता गेली, तापमान किती आणि किती वेळ टिकलं. हीट ट्रीटमेंटसाठी सीक्यूआय-९ आणि प्लेटिंगसाठी सीक्यूआय-११ अशा तयार तपासणी याद्या आहेत, त्या वर्षातून एकदा भरून घेतात. पण भरलेली यादी फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही. अधूनमधून रात्रपाळीत जाऊन चालू लॉटचा चार्ट पाहणं हीच खरी तपासणी.

दुसरा मोठा धोका न सांगता केलेल्या बदलांचा. माणूस, मशीन, माल, पद्धत यांपैकी काहीही बदललं तर आधी कळवायचं, याला कारखान्यांत ‘फोर-एम चेंज’ म्हणतात. व्हेंडर बहुतेक वेळा फसवायच्या हेतूने लपवत नाही. कूलंट बदललं, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) स्वस्त मिळाला, गर्दी झाली म्हणून शेजारच्या गाळ्यात २,००० नग करून घेतले. त्याला ते सांगण्याजोगं वाटत नाही. बदल कळवला की मंजुरीला सहा आठवडे लागतात आणि तोवर माल अडतो, असा अनुभव एकदा आला की तो पुन्हा सांगणारही नाही. म्हणून लहान बदलांना दोन-तीन दिवसांत हो-नाही कळवण्याची सोय मॅनेजरने आपल्या घरात लावून घ्यायला हवी. हे काम व्हेंडरचं नाही, आपलं आहे, आणि इथेच बहुतेक कंपन्या कमी पडतात.

प्रत्येक बिनवर लॉट कार्ड हवं: फोर्जिंगची हीट (पोलाद वितळवलेल्या घाणाचा क्रमांक), टर्निंगची तारीख आणि मशीन, हीट ट्रीटमेंटची बॅच. ते नसेल तर एक वाईट नग सापडल्यावर आख्ख्या महिन्याचा माल वेगळा काढावा लागतो. असेल तर एका भट्टीचे ८०० नग काढून भागतं.

साठा किती ठेवायचा

व्हेंडरला माल गेल्यापासून परत येईपर्यंत सरासरी ९ दिवस लागतात. पण कधी ६, कधी १३. या चढ-उताराचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची नेहमीची तफावत, ३ दिवस. आपली मागणी रोज ४००, तिचं विचलन ६०. सुरक्षित साठ्याचं रूढ सूत्र असं: ९ गुणिले ६० चा वर्ग, अधिक ४०० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.६५ ने गुणायचं. उत्तर साधारण २,००० नग येतं, म्हणजे पाच दिवसांचा माल.

हा साठा कमी करायला काय करावं? सहसा दोन गोष्टी सुचवल्या जातात: आपला अंदाज सुधारा, किंवा व्हेंडरला लवकर द्यायला सांगा. दोन्ही करून पाहू. मागणीचं विचलन ६० वरून ३० वर आणलं, तर साठा जेमतेम १७ नगांनी कमी होतो. ९ दिवसांचे ६ केले पण ३ दिवसांचा चढ-उतार तसाच ठेवला, तरीही १,९९५ नग लागतातच (वाटेवरचा माल कमी होतो, तो फायदा वेगळा). आता ९ दिवस तसेच राहू द्या आणि चढ-उतार ३ वरून १ दिवसावर आणा. सुरक्षित साठा थेट ७२५ च्या आसपास येतो.

म्हणजे लवकर येण्यापेक्षा ठरल्या दिवशी येण्याची किंमत कितीतरी जास्त आहे. आणि हा चढ-उतार बऱ्याचदा आपणच निर्माण करतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेड्यूल दोनदा बदलायचं, फोर्जिंगचा माल महिनाअखेरीला एकदम पाठवायचा आणि मग व्हेंडरकडून रोज ४०० ची अपेक्षा धरायची, असं केलं तर ३ दिवसांचं विचलन आपल्याच दारातून सुरू होतं. पुढच्या दोन आठवड्यांचं शेड्यूल गोठवायचं, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच बदल करायचा, आणि त्यापुढचं फक्त अंदाज म्हणून द्यायचं. विक्री विभागाला ही शिस्त पटवणं हेही आता सप्लाय चेन मॅनेजरचंच काम. व्हेंडरशी भांडण्यापेक्षा ते अवघड जातं, कारण समोरचा माणूस आपल्याच कंपनीतला आणि बऱ्याचदा वरच्या पदावरचा असतो.

चलन आणि पैसे

जॉबवर्कला माल जातो तो विक्री म्हणून जात नाही, डिलिव्हरी चलनावर जातो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षात परत यावा लागतो, यंत्रसामग्री तीन वर्षांत. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत लागू नाही. मुदत टळली तर माल पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो, व्याजासह. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर आयटीसी-०४ हा तपशील सहामाही भरायचा, नाहीतर वर्षातून एकदा. जॉबवर्कर दुसऱ्या राज्यात असेल तर मालाची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच.

कागदाचा हा भाग अकाउंट्सचा मानला जातो, पण अकाउंट्सला नग दिसत नाहीत. शाफ्टचं फोर्जिंग १.९ किलोचं, टर्निंगनंतर १.४ किलो. महिन्याच्या १०,००० नगांत ५ टन बरी (तासताना निघालेला पोलादाचा कीस) निघते. ती कोणाची, कोण विकणार, कोणत्या भावाने, हे भाव ठरवतानाच लिहून ठेवलं नाही तर ३८ रुपयांच्या दरात ती आपोआप व्हेंडरला गेलेली असते. शिवाय गेलेले नग, परत आलेले, बाद झालेले आणि व्हेंडरकडे पडून असलेले यांची दर महिन्याला जुळणी करायची. तीनदा न जुळलेला फरक वर्षअखेरीला सापडत नाही. तो मग दोन्हीकडच्या माणसांच्या आठवणीवर सोडवावा लागतो आणि संबंध बिघडतात.

पेमेंटचा प्रश्न याहून गंभीर. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेले उद्योग १ एप्रिल २०२५ पासून ‘लघु’ गटात येतात, म्हणजे बहुतेक जॉबवर्कर सूक्ष्म किंवा लघु आहेत. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार त्यांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातल्या ४३बी(एच) या तरतुदीने त्यात भर घातली: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतो त्या वर्षीच धरता येते.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. ९० दिवसांनी पैसे मिळणारा गाळेवाला चांगले इन्सर्ट घेत नाही, मशीनचं मेंटेनन्स पुढे ढकलतो, अनुभवी ऑपरेटरला वेळेवर पगार देऊ शकत नाही. त्याचं रिजेक्शन तीन महिन्यांनी वाढतं आणि आपण डेबिट नोट काढतो, म्हणजे त्याच्या बिलातून पैसे कापतो. व्हेंडर बुडतोय याची चिन्हं सप्लाय चेन मॅनेजरला बँकेच्या आधी दिसतात: आगाऊ पैशाची मागणी, कुशल माणसं सोडून जाणं, दुरुस्तीविना उभी मशीन, थोडा थोडा येणारा माल.

व्हेंडरचा व्हेंडर

४ एप्रिल २०२५ ला चीनने टर्बियम, डिस्प्रोसियम यांसह सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनलेल्या चुंबकांवर निर्यात नियंत्रण आणलं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये, गरम झाल्यावरही ताकद टिकवणारी जी चुंबकं बसतात, त्यांना हीच मूलद्रव्यं लागतात. त्या वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने चेतकचं उत्पादन अडचणीत आल्याचं जाहीरपणे सांगितलं. गाडीच्या किमतीत चुंबकाचा वाटा अगदी लहान. पण माल सुटण्यासाठी चुंबक शेवटी कुठे वापरणार याचं प्रमाणपत्र द्यावं लागत होतं, आणि ते द्यायला स्वतःच्या मोटरमधलं चुंबक कोणाकडून, कोणत्या वाटेने येतं हे माहीत असावं लागतं.

खर्चाच्या क्रमाने व्हेंडरची यादी लावून वरच्या वीस जणांवर लक्ष ठेवायचं, ही जुनी पद्धत इथे चालत नाही. एमआयटीचे डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्डबरोबर वापरलेली रीत उपयोगी आहे. प्रत्येक भागासाठी दोन आकडे काढायचे. हा पुरवठादार उद्या बंद पडला तर पुन्हा पुरवठा सुरू व्हायला किती आठवडे लागतील? आणि साठ्यातल्या व वाटेवरच्या मालावर आपली लाइन किती आठवडे चालेल? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे धोका, मग तो भाग चार रुपयांचा का असेना.

हे आकडे मिळवायला थेट व्हेंडरला त्याच्या पुरवठादारांची नावं मागितली की तो बिचकतो. आपण त्याला वगळून थेट खरेदी करू अशी भीती त्याला असते, आणि ती रास्त आहे. म्हणून नावाआधी ठिकाण आणि वेळ विचारा: कच्चा माल कोणत्या शहरातून किंवा देशातून येतो, ऑर्डरपासून किती दिवस, एकच स्रोत आहे की दोन. तेवढ्यावर नकाशाचा मोठा भाग भरतो. जिथे एकच स्रोत निघेल, फक्त तिथे नावाचा आग्रह धरा आणि थेट खरेदी करणार नाही हे लिहून द्या.

दुसरा स्रोत आणि निघण्याची तयारी

दोन व्हेंडर ठेवणं नेहमी परवडत नाही. महिना १०,००० नगांचं काम ७०-३० वाटलं तर दुसऱ्याला ३,००० नगांसाठी तीच फिक्स्चर, तेच गेज आणि पुन्हा पीपॅप. टर्निंगला ते जमून जातं. पण ३० लाखांच्या डायची दुसरी जोडी करणं लहान कंपनीला झेपत नाही. तिथे दुसरा मार्ग असा: डाय एकच, पण ती कोणत्या टनेजच्या प्रेसवर बसते आणि आसपास असे प्रेस कोणाकडे आहेत याची यादी तयार ठेवायची, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या जागी चाचणी घ्यायची.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये टोयोटाचा पुरवठादार असलेल्या आयसिनचा कारिया इथला कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आवरणारी छोटी झडप) जवळजवळ सगळा तिथूनच येई आणि साठा काही तासांचाच होता. टोयोटाच्या लाइन थांबल्या. पण ड्रॉइंग आणि तांत्रिक माणसं हाताशी होती, त्यामुळे डझनावारी पुरवठादारांनी, शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरनेसुद्धा, आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे ज्ञान व्हेंडरच्या एका सुपरवायझरच्या डोक्यात असतं, तर ते त्याच्याबरोबर अडकून पडलं असतं. म्हणून प्रक्रियेचा तक्ता, कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं याचा कागद), टूलची यादी आणि सेटिंगचे आकडे यांची प्रत आपल्याकडे हवी. ही माहिती ठेवण्याची आपली गरज व्हेंडरलाही करारातच सांगितलेली बरी. आणि ती वाचून समजणारा निदान एक प्रोसेस इंजिनिअर सप्लाय चेनच्या टीममध्ये हवा. फक्त वाटाघाटी जाणणाऱ्या माणसांच्या टीमला व्हेंडर जे सांगेल तेच खरं धरावं लागतं.

व्हेंडर बदलायचाच ठरला तर घाई करू नका. टूल हलवणं हाच एक मोठा बदल आहे, त्यामुळे नव्या जागी पीपॅप पुन्हा पहिल्यापासून करायचा, जुने आकडे चालत नाहीत. जुन्या व्हेंडरची बाकी रक्कम आधी चुकती करा, त्याच्याकडचा आपला माल आणि टूल मोजून दोघांनी सही करा, आणि टूल तिथून हलण्याआधी किमान सहा आठवड्यांचे नग करून घ्या. १०,००० च्या हिशोबाने ते सुमारे १५,००० होतात. हीट ट्रीटमेंट करायच्या आधीच्या अवस्थेत असतील तर गंज धरू नये म्हणून तेल लावून, व्हीसीआय (गंजरोधक) पिशव्यांत, लॉट कार्डासह वेगळे ठेवा. नव्या जागचे नमुने मंजूर होईपर्यंत लाइन याच साठ्यावर चालते.